नाव घातलेला फोन

चूक माझी होती, ते आधीच सांगून टाकतो.

दीनानाथ भोपी माझ्या दुकानाच्या काउंटरवर कोपर टेकून उभे होते. तळहातावर बँकॉकहून आणलेला फोन. हा कधी बिघडला आणि तुझ्यासारख्याकडे दुरुस्तीला टाकावा लागला, तर आतला माल तू बदलणार नाहीस याची गॅरंटी काय, असं ते मला सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होते. मी एका फोनची चार्जिंगची पिन बसवत होतो. मान वर न करता म्हणालो, "एवढी भीती वाटते तर नाव घालून घ्या, काका. समोर शिवा बसलाच आहे."

शिवा म्हणजे टपाल नाक्यावरच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालणारा. जाड पेनासारखं यंत्र, त्याला थरथरणारी सुई, अक्षराला दोन रुपये. लग्नसराईत त्याला मान वर करायला फुरसत नसते. तालुक्यातल्या निम्म्या कळशांवर आणि डब्यांवर जे 'सप्रेम भेट' दिसतं, ते त्याच्या हातचं.

मी थट्टा केली होती. पण दीनानाथ भोपींना थट्टा कळत नाही हे मला आठ वर्षांपासून माहीत होतं, तेव्हा दोष थट्टेला देऊन सुटता येत नाही. ते "हां" म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले.

अर्ध्या तासाने परत आले तेव्हा फोनच्या पाठीवर ठळक कोरलेलं होतं: 'चि. प्रणित यांस सप्रेम भेट. दीनानाथ बाळाजी भोपी, नेरे. बँकॉक २०१३.' आणि पुढच्या बाजूला काहीच दिसत नव्हतं. बाहेरची काच शाबूत, आत शाईची दौत लवंडल्यासारखा काळा डाग. शिवाने कळशी धरतात तसा फोन लोखंडी ठोकळ्यावर पालथा दाबून धरला होता आणि त्याच्या पाठीवर एकोणतीस अक्षरं चालवली होती.

"निदान मागचं झाकण तरी काढून द्यायचं ना त्याला," मी म्हणालो.

"झाकन काडून दिला आनि त्यानी झाकनच बदलला तर?"

त्यात त्यांनी आपलं सिम घातलेलं होतं, त्यावर मी रिंग दिली. फोन वाजला, थरथरला, पण दिसेना काही. जिवंत होता, आंधळा झाला होता.

दीनानाथ भोपींना आजपर्यंत कोणी फसवलेलं नाही. हे माझं म्हणणं नाही, त्यांचं आहे, आणि ते दिवसातून दोनदा तरी ऐकवतात. माणूस मूळचा नेऱ्याचा; रस्त्याकडेची थोडी जमीन विकून नवीन पनवेलला सिमेंट-पत्र्यांचं दुकान काढलं, ते बरं चाललं. पण तो पैसा वाट चुकून आला असावा आणि कोणीतरी तो परत न्यायला येईल, अशा चेहऱ्याने ते वावरतात. उरण नाक्यावरच्या मासळी बाजारात त्यांची सावली दिसली की कोळणी टोपलीवर फडकं ओढतात. पापलेटाचे कल्ले उघडून बघणार, बोट दाबून बघणार, चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, असतील तर एकेक उचलून तळहातावर तोलणार. जड ती भरलेली, हलकी ती पोकळ. एवढं सगळं करून शेवटी ज्या वाट्यावर हात ठेवतील तो कालचा असतो, कारण त्या भावात आजचा कोण देणार. घरी तो वाटा निमूट खाल्ला जातो. स्वस्तात मिळालेल्या गोष्टीला त्यांच्या घरात वास येत नाही.

आणि नाव. त्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर नाव आहे. पाटावर, छत्रीच्या दांड्यावर, दुकानातल्या फावड्यांवर, चपलेच्या तळाला. एकदा त्यांनी गॅसच्या सिलिंडरवर नाव घालून घेतलं होतं. तो रिकामा झाल्यावर गाडीवाला घेऊन गेला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सिलिंडर काही परत आपलाच येत नसतो. त्यानंतर बरीच वर्षं नवा सिलिंडर आला की ते त्याच्याभोवती फिरून बघायचे. अजून भेटलेला नाही.

तर असा माणूस परदेशी गेला. सिमेंट कंपनीची स्कीम होती. वर्षात ठरलेल्या गोणी खपवल्या की पाच दिवस थायलंड, फुकट. पनवेल-उरणकडचे चाळीस दुकानदार सुकट, तांदळाच्या भाकऱ्या आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन विमानात बसले. त्यांनी काय पाहिलं हे मी प्रत्येकाला विचारलं. सगळ्यांनी एक मॉल आणि एक होडी एवढंच सांगितलं; उरलेलं सांगताना एकमेकांकडे बघून हसले.

जायच्या आदल्या दिवशी भोपीकाका माझ्याकडे आले होते. किशोरीचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, उरणकडच्या प्रणितशी ठरलं होतं आणि साखरपुड्याला जावयाला फोन द्यायचा होता. तसं कोणी मागितलं नव्हतं. बोलणी चालू असताना प्रणितची आजी ठमाबाई म्हणाली होती, "नेऱ्याची मानसा बोलतान लय, देतान काय ते बगू." त्यावर यांनी भर बैठकीत छाती पुढे काढून सांगितलं होतं की जावयाच्या हातात परदेशातला फोन देईन.

"काका, आठ हजारात इथं चांगला फोन मिळतो," मी म्हणालो होतो. "बिल मिळेल, वर्षाची वॉरंटी मिळेल."

"तू तुजी दुकानदारी करू नको, इंजिनेर. मला कोन फसवनार?"

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला दोनदा नापास होऊन दुकान टाकलंय, म्हणून त्यांच्या तोंडी मी इंजिनेर. तरी मी एक शहाणपण शिकवलं. म्हटलं, फोन घेताना स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकडी नंबर येतो. तो प्रत्येक फोनचा वेगळा असतो, जगात दुसऱ्या फोनला तो नसतो. लिहून ठेवा. हे मात्र त्यांना मनापासून पटलं. कारखान्यातूनच नाव घालून आलेली वस्तू म्हणजे त्यांच्या दृष्टीने प्रगती होती.

बँकॉकच्या बाजारातली खरेदी ते स्वतःच रंगवून सांगतात. दुकानातली बाई सात हजार बाट म्हणाली, यांनी हजार म्हणून सांगितलं. बाई हसली, हे निघाले, बाईने हाक मारली, हे फिरले. असं चार वेळा. अडीच हजारावर सौदा ठरला, म्हणजे आपले पाच हजार रुपये. मग यांनी त्याच जातीचे तीन फोन काढायला लावले, डोळे मिटून तिन्ही तळहातावर तोलले आणि सर्वांत जड होता तो घेतला. चिंबोरीचा नियम.

आता तो जड फोन माझ्यासमोर आंधळा पडला होता. वार बुधवार. साखरपुडा रविवारी.

"डिस्प्ले बदल," ते म्हणाले. "माज्या समोर बदल."

"समोर नाही जमणार, आधी पार्ट शोधावा लागेल. मिळेल की नाही सांगता येत नाही."

"परदेशी हाय, त्याला वेळ लागनारच," असं मलाच समजावून ते गेले. जाताना शिवाला ओरडून सांगितलं, "फोन चालू झाल्यावर पैसं."

ते गेल्यावर मी फोन उघडला. पहिली गोष्ट दिसली ती आत बॅटरीखाली डकवलेली लोखंडाची पट्टी. तिचं काम काही नव्हतं, वजन वाढवणं एवढंच. त्या बाईने, नाहीतर तिला माल देणाऱ्याने, नेऱ्याची माणसं कधीतरी येणार हे ओळखून ठेवलं होतं. बाकी आतला माल म्हणजे कुठल्याही पार्टवर कुठलंही नाव नाही. अशा फोनचा सुटा डिस्प्ले मिळत नसतो. तो बनवणाऱ्यालाही तो बिघडल्यावर कोणी दुरुस्त करेल अशी आशा नसते.

दुसऱ्या दिवशी किशोरी आली. बी.कॉम. झालेली, एका डॉक्टरकडे रिसेप्शनला बसते. वडिलांच्या वाट्याचा समजूतदारपणा देवाने हिच्या खात्यात टाकलेला.

"दादा, खरं सांग. होईल का?"

"नाही."

ती स्टुलावर बसली. म्हणाली, "फोन नसता तरी चाललं असतं. पप्पांनी सगळ्यांसमोर बोलून ठेवलंय. आता बंद फोन हातात दिला ना, तर ती म्हातारी मला मरेपर्यंत ऐकवेल. ती मरेपर्यंत म्हणतेय मी, आणि ती काही लवकर मरणार नाही."

"दुसरा घ्यायला सांग त्यांना."

"दुसरा घेतला तर ते फसले असं होईल. पप्पा लग्न मोडतील पण ते कबूल करणार नाहीत." मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "नाव घालायचं तूच सुचवलंस म्हणे."

मी तोवर स्वतःला तमाशा बघणाऱ्यांत धरलं होतं. त्या वाक्याने मला उचलून मधोमध बसवलं.

फोन घेऊन मी तीन दुकानं पलीकडे अलीभाईकडे गेलो. अलीभाई नवे फोन विकतो; त्याचे दोन भाऊ आखातात आहेत, त्यामुळे परदेशी मालाचं कौतुक त्याच्यापुढे चालत नाही. त्याने फोन उलटसुलट केला, पाठीवरचं कोरीवकाम वाचलं, आणि शोकेसमधून एक पांढऱ्या झाकणाचा फोन काढून शेजारी ठेवला. पाठीवर दुसऱ्याच कंपनीचं नाव, बाकी पुढून तोच, तसाच काळा. तीच बटणं त्याच जागी, तेच कॅमेऱ्याचं भोक.

"छत्तीसशे," अलीभाई म्हणाला. "तुझ्या काकांनी बँकॉकपर्यंत तकलीफ कशाला घेतली? इथं तर पंखापण आहे."

मी पांढऱ्याचं झाकण काढलं, त्यावर नाव घातलेलं काळं झाकण दाबलं. टक्कन बसलं. पांढऱ्याच्या आत लोखंडाची पट्टीही होती, तेवढीच. अलीभाईने जुना फोन सुट्या भागांसाठी ठेवून घेतला, त्याचे थोडे वजा केले, आणि उरलेले मी भरले. भोपीकाकांकडून डिस्प्लेचे म्हणून जेवढे निघतील तेवढे निघतील, बाकी माझ्या जिभेचा दंड.

रस्त्यावर आल्यावर मला जाणवलं की दुरुस्तीवाले आतला माल बदलतात हा आरोप मी आठ वर्षं तावातावाने खोडून काढत आलोय, आणि आज मी नुसता माल नाही, अख्खा फोन बदलला होता.

शनिवारी भोपीकाका न्यायला आले. फोन उजेडात धरला, तळहातावर तोलला. मग नाव चाचपून बघितलं, आणि मी मनात सुटलो म्हणेपर्यंत शर्टाच्या खिशातून डायरी काढली. सिमेंट कंपनीचीच, फुकटात मिळालेली.

"नंबर काड," ते म्हणाले.

तो नंबर मी साफ विसरलो होतो. मीच शिकवलेला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश, हे मी जितकं सावकाश दाबता येतं तितकं सावकाश दाबलं. डोक्यात एवढंच चाललं होतं की आता हा माणूस नाक्यावर उभा राहून ओरडणार, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं ओरडणार. उद्यापासून माझ्याकडे कोण फोन टाकेल? आणि उद्या किशोरीचं काय?

"वाच," ते म्हणाले आणि डायरीवर बोट ठेवलं.

मी एकेक आकडा वाचत गेलो. ते एकेकाला "हां" म्हणत गेले. पहिले चार जुळले, ठीक, सुरुवात सारखी असू शकते. आठवा जुळला. अकरावा जुळला. पंधराव्या आकड्याला "हां" आलं तेव्हा माझ्या कपाळावरचा घाम काउंटरवर पडला.

असल्या फोनवाल्यांनी एकच नंबर हजारो फोनांत ठोकून दिलेला असतो हे मी ऐकून होतो, पाहिलं नव्हतं. फोन बनावट असल्याचा याहून धडधडीत पुरावा नव्हता, आणि तोच बघून भोपीकाकांची खात्री पटली होती.

"तू परामानिक हाय," ते त्या दोन गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग दीड हजार सांगितलेल्या डिस्प्लेचे नऊशे दिले. समोर जाऊन शिवाशी हुज्जत घातली ती मला इथूनही ऐकू आली. शिवा म्हणत होता एकोणतीस अक्षरं, अठ्ठावन्न रुपये. हे म्हणत होते, अक्षरं पंचवीसच. सालाचे चार ते आकडे, आणि आकडे म्हणजे अक्षरं नायत. पन्नास टेकवून निघून गेले.

रविवारी नेऱ्याला घरापुढे मांडव होता. मला बोलावणं होतं. जेवायला की फोन बंद पडला तर हाताशी असावा म्हणून, ते मी विचारलं नाही. अंगठ्या झाल्या, पेढे झाले. मग ताटात नारळ, शर्टाचं कापड आणि मधोमध फोन, पाठ वर करून, म्हणजे नाव सगळ्यांना वाचता यावं. प्रणित कंटेनर यार्डात क्लार्क आहे. शांत, बारीक मिशीचा. त्याने फोन उचलून बटण दाबलं. काळ्या काचेवर हिरवा रोबो उगवला, मग फुलांचं चित्र. किशोरीने माझ्याकडे बघून खांदे सैल सोडले.

इथे शहाण्या माणसाने जेवणाची पानं मांडायला सांगितली असती. पण ठमाबाई पुढे वाकून म्हणाली, "चायनाचा हाय काय रं?"

झालं. भोपीकाकांनी डायरी काढली.

"या नंबराचा दुसरा फोन जगात नाय," ते उभं राहून म्हणाले. "तो बसलाय इंजिनेर, त्याला इचारा."

मांडवातली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. "नियम तसाच आहे," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

"जावईबापू, दाबा. स्टार, हॅश..."

त्यांनी नंबर कीर्तनकाराच्या थाटात एकेक आकडा ओढून म्हटला आणि प्रणितने फोनवर ताडून बघितला. जुळला. बायकांत कौतुकाची कुजबुज झाली. प्रणितच्या मागे त्याची बहीण रिया बसली होती, कॉलेजातली. असलं काही कानावर पडलं की ते स्वतःच्या फोनवर करून बघायचं तिचं वय. तिने केलं. तिच्या हातातला फोन मी तेव्हा पाहिला. पाठ पांढरी. अलीभाईच्या शोकेसमधला होता तसाच.

ती स्क्रीनकडे बघत राहिली, मग भावाच्या खांद्यावरून त्याच्या स्क्रीनकडे. "दादा," ती म्हणाली, "माझापण..."

प्रणितने मागे वळून बघितलं. तिचा फोन, मग आपला. आपला उलटा करून सासऱ्यांचं नाव वाचलं, पुन्हा सुलटा केला. किशोरी खाली बघत होती. तिचे कान कुंकवासारखे झाले होते. नंबराचं तिला ठाऊक नव्हतं, पण फोन बँकॉकचा नाही हे तिला मी सांगितलं होतं. ठमाबाईने मान लांब केली. "काय गं झाला?"

प्रणितने ताटातला पेढा उचलला आणि अख्खा रियाच्या तोंडात कोंबला.

"काही नाही, आजी. हिला मगाशी पेढा मिळाला नव्हता." मग सासऱ्यांकडे बघून अगदी गंभीरपणे म्हणाला, "बरोबर आहे, मामा. नंबर तोच आहे."

"मंग बरा," ठमाबाई म्हणाली आणि पानं मांडायला सांगितली. रिया पुढची पाच मिनिटं पेढा चावत होती. किशोरीने मान वर केली आणि नवऱ्या मुलाकडे पहिल्यांदाच नीट बघितलं असावं.

आठवड्याने प्रणित माझ्या दुकानात आला.

"कितीला रे हा?"

"छत्तीसशे."

"रियाने बत्तीसशेला घेतला," तो म्हणाला, आणि माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी एरवी भोपीकाकांसाठी राखून ठेवतो. किशोरीने त्याला दुसऱ्याच दिवशी फोन करून सगळं सांगून टाकलं होतं, थट्टेपासून अलीभाईपर्यंत. "त्या घरात एक माणूस खरं बोलतंय," तो म्हणाला, "मला तेवढं बास आहे. हा मी गजराला वापरतो. विकू कसा? सासऱ्यांचं नाव आहे पाठीवर."

लग्न झालं, दोघं सुखात आहेत. भोपीकाकांना यातलं काही कळलेलं नाही आणि कळणारही नाही. असल्या माणसांना कधी कळावं लागतच नाही, भोवतालची माणसं पेढे कोंबत त्यांचा मान सांभाळत असतात. कंपनीची पुढची स्कीम सिंगापूरची आहे. ते आत्ताच लोकांना सांगतात की फोन घ्यायचा तर बाहेर घ्या, हातावर तोलून घ्या, नंबर लिहून आणा आणि इथं आल्याबरोबर नाव घाला.

राहिला शिवा. आकड्यांचे आठ रुपये त्याला अजून मिळालेले नाहीत. भोपीकाका त्याच्या पायरीवरून मान ताठ ठेवून जातात, म्हणून तो माझ्याकडे मागतो. गिऱ्हाईक मी पाठवलं होतं म्हणे. आठ रुपये काय, चहाचे असतात. पण मी का द्यावेत? मागच्या आठवड्यात मी त्याला म्हणालो की आकड्याला अक्षराचा भाव लावणं मुळातच चूक आहे, एकेक रुपयाने धर, चार देतो. बोलून झाल्यावर मला माझाच आवाज ओळखीचा वाटला.

शिवाने कळशीवरची सुई थांबवली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "आठ." मग पुन्हा यंत्र सुरू केलं.